नवा फोन घेताना खिशातून खरंच किती जातात? – अनुभव धागा

तर्री_पोहा
माळा आवरताना ५०१ रुपयांच्या योजनेतला जुना हँडसेट हाती लागला आणि सगळं आठवलं. २००३ च्या जुलैत रिलायन्स इन्फोकॉमनं काढलेली ती योजना. ५०१ भरा, फोन न्या, बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून. सीडीएमए होता, नंबर फोनमध्येच भरलेला, त्यामुळे सिम काढून दुसऱ्या कंपनीकडे जायची सोयच नव्हती. फोन आणि बिल यांची तशी गाठ आता राहिली नाही. तिची जागा हप्ता, एक्स्चेंज आणि कार्ड ऑफरनं घेतली आहे.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाट्या लागतात आणि घरोघरी विचारणा सुरू होते, म्हणून हा धागा. नुसतं "मला स्वस्तात मिळाला" नको. पैसे कुठे कापले जातात, काय तपासायचं, काय बिघडतं ते लिहा.

सुरुवात 'नो कॉस्ट' हप्त्यापासून करतो. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. म्हणजे बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा होते, इतकंच. ३०,००० चा फोन, ६ हप्ते, १६ टक्के व्याज धरा. कर्ज पडतं २८,६४८ चं, व्याज १,३५२, हप्ता बरोबर ५,०००. इथपर्यंत ठीक. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४३. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटी धरून २३५. झाले ४७८ जास्तीचे. तोच दुकानदार रोखीवर ५०० सोडत असेल तर दोन्हींतला फरक ९७८.

झिरो_माइल
उत्तम धागा. कार्ड ऑफर आणि एक्स्चेंज एकत्र लावताना खूप जण फसतात, त्यावर लिहितो.

समजा फोन ४२,००० चा. ऑफर अशी की ४०,००० च्या वर खरेदी असेल तर ३,००० सूट. जुन्या फोनचे ९,००० मिळणार म्हणून एक्स्चेंज टाकलं की कार्डावर जाणारी रक्कम ३३,०००. किमान रकमेची अट मोडली, सूट गेली. तोच जुना फोन बाहेर ७,५०० ला विकला तरी ७,५०० आणि ३,००० मिळून १०,५०० होतात. म्हणून आधी अटींमधला 'किमान व्यवहार' वाचायचा, मग एक्स्चेंजचं बटण दाबायचं.

दुसरं, सूट पूर्ण रक्कम स्वाइप केल्यावर आहे की फक्त हप्त्यावर? दोन्ही ओळी जाहिरातीत असतात, एक मोठ्या अक्षरात आणि एक बारीक.

गोकुळपेठ_मंडई
बाप्पा, केवढा हिशेब! पोस्टपेड घेतलं तर फोन स्वस्त भेटते का हो, कोणी सांगा न. लेकीचा फोन मधातच बंद पडून राहिला, २० टक्के दाखवते आन् बंद. पोळ्या टाकता टाकता लिहून राहिली, चूकभूल द्या घ्या.

ऑरेंज_लाइन
ताई, आपल्याकडे ती पद्धत रुजलीच नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये एअरटेल आणि व्होडाफोननं आयफोन ३जी आणला तेव्हा ८ जीबीची किंमत ३१,००० होती, कारण कंपनी फोनच्या किमतीत स्वतःचे पैसे घालत नव्हती. बहुतेक ग्राहक प्रीपेड, कधीही सोडून जाऊ शकणारे. फोन स्वस्त देऊन बिलातून वसूल करायची हमीच नाही. आजही फोन वेगळा आणि कनेक्शन वेगळं धरूनच हिशेब करा.

पोस्टपेडची एक गोष्ट लक्षात असू द्या. प्रीपेडच्या जाहिरातीतल्या आकड्यात जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या आकड्यात नसतो. ४४९ चा पोस्टपेड प्लॅन म्हणजे बिल ५२९.८२.

कंपनी बदलायची तर १९०० वर 'पोर्ट' आणि नंबर असा एसएमएस, कोड येतो, तो ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं थकलेलं बिल भरलेलं हवं. थकबाकी असली की अर्ज परत येतो.

फुटाळा_वारा
ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांच्यासाठी जरा वेगळं. तिथे करारावरचा फोन अजून चालतो.

इंग्लंडमध्ये मोबाइल कंपन्यांना कुलूपबंद, म्हणजे फक्त त्यांच्याच सिमवर चालणारे, फोन विकायला डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे. करार संपत आला की कंपनीनं कळवणं फेब्रुवारी २०२० पासून बंधनकारक. ते पत्र किंवा मेसेज आला की लगेच हालचाल करायची, कारण फोन आणि सेवा एकाच बिलात असेल तर फोनचे पैसे फिटल्यावरही बऱ्याचदा तीच रक्कम जात राहते. फक्त सिमचा प्लॅन घ्यायचा किंवा त्याच कंपनीशी बोलून भाव पाडून घ्यायचा. नंबर न्यायचा तर ६५०७५ वर 'पीएसी' असा एसएमएस. जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत मधली दरवाढ महागाईच्या टक्केवारीत लिहिता येत नाही, पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते.

अमेरिकेत 'फुकट फोन' म्हणजे अनेकदा ३६ महिने बिलात थोडी थोडी वजावट. मध्येच सोडलं की उरलेली वजावट बंद आणि फोनची बाकी रक्कम भरायची. १८ व्या महिन्यात भारतात परतायचा बेत असेल तर तो फोन फुकट नाही.

बर्डी_गल्ली
बर्डीतल्या मोदी नंबर ३ गल्लीत घेणार असाल तर हे करजा.

डबा तुमच्यासमोर फोडाले लावा. डब्यावरचा आयएमईआय, म्हंजे फोनचा ओळख नंबर, *#०६# टाकल्यावर येते तो आन् बिलावरचा, तिन्ही एकच पाहिजे. मग कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. टार्गेट भरासाठी काही ठिकाणी फोन आधीच चालू करून ठेवतात. तसा असला तर वॉरंटी तेव्हापासूनच चालू होऊन राहिली असते, आन् दोन महिने असेच जातात. भाव १,००० नं कमी सांगितला की हे आधी पाहायचं.

जीएसटीचं पक्कं बिलच घ्या. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे, "बिल नको तर कमी करतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. वॉरंटी, विमा, पुढचं एक्स्चेंज, चोरीची तक्रार, सगळीकडे तेच बिल लागते.

ग्लास आन् कव्हर 'फ्री' म्हणतात तेव्हा तेवढे पैसे फोनमधून कमी करायले सांगा. करतात.

अंबाझरी_काठ
गाडी नेऊ नका मात्र. रविवारी बर्डीत गाडी लावायला जागा मिळत नाही. मेट्रोनं इंटरचेंजला उतरा, चालत जा.

तर्री_पोहा
आणि सकाळीच जा. आधी पोहे, मग दुकानं.

अंबाझरी_काठ
तुमच्या नावावरूनच कळलं होतं हे येणार 😄

सावजी_रस्सा
जुना फोन घेणाऱ्यांसाठी. पैसे द्यायच्या आधी १४४२२ वर 'केवायएम', एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. उत्तरात काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर तिथूनच परत फिरा.

आयफोन असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडून मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर पाहा. एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे कंपनीनं दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदलून दिलेला. एन वाईट असं नाही, पण नव्याच्या भावात घेऊ नये. बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून वजा करा.

दीक्षाभूमी_चौक
एक्स्चेंजला देताना क्रम चुकतो, तोच सगळ्यात जास्त त्रास. आधी बॅकअप. मग गूगल खातं काढायचं, आयफोनवर 'फाइंड माय' बंद करायचं. रीसेट सगळ्यात शेवटी. खातं न काढता रीकव्हरी मेन्यूतून रीसेट मारलं तर फोन चालू झाल्यावर तेच खातं मागतो, आणि घ्यायला आलेला माणूस फोन परत करतो.

तो माणूस पांढऱ्या पडद्यावर डाग आणि रेघ बघतो, तुम्हीही आधी बघून ठेवा. दारात येऊन भाव पाडला तर नाही म्हणायचा हक्क आहे. घाईत ओटीपी देऊ नका. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फुटाळा_वारा
भर घालते. नव्या फोनसाठी ई-सिम करून घेणार असाल किंवा सिम बदलणार असाल तर त्यानंतर २४ तास एसएमएस बंद असतात, येणारे आणि जाणारे. म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही. ऑफरचा शेवटचा दिवस असेल त्याच दिवशी सिम बदलू नका! यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवताना फोनमधूनच एसएमएस जातो, तोही या २४ तासांत अडकतो. नोंदणी झाल्यावरही पहिला दिवस साधारण ५,००० ची मर्यादा असते. शिवाय सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्ट करता येत नाही, १ जुलै २०२४ पासूनचा नियम. ऑरेंज_लाइन यांच्या यादीत हे जोडा.

ऑरेंज_लाइन
जोडलं. अगदी बरोबर.

५जी विसरलोच. नागपूर एअरटेलच्या पहिल्या ८ शहरांत होतं, ऑक्टोबर २०२२. पण बाहेरून मागवलेल्या फोनमध्ये बँड (कोणत्या लहरींवर चालतो ते) बघा: एन७८ हवाच, जिओ असेल तर एन२८ पण, आणि जिओला 'एसए' ची, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या ५जीची, सोय लागते. नाहीतर ५जीचे पैसे मोजून ४जीच वापराल.

झिरो_माइल
मॉडेल निवडताना किंमत भागिले उरलेली वर्षं असं करा. अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. सॅमसंगनं एस२४ पासून आणि गूगलनं पिक्सेल ८ पासून ७ वर्षं जाहीर केली. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ चा, म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंत. ३६,००० चा फोन ६ वर्षं उरलेला, तर वर्षाला ६,०००. १८,००० चा आणि २ वर्षं उरलेला, तर ९,०००. स्वस्त फोन महाग पडतो तो असा. आयफोन हवा असेल तर सप्टेंबरच्या आधी घेऊ नये, नवा आला की आधीचा उतरतो.

सावजी_रस्सा
फायनान्सवर घेणाऱ्यांनो, काही कंपन्या फोनमध्ये लॉकचं ॲप टाकतात, हप्ता चुकला की फोन अडतो. शेवटचा हप्ता गेला की तीन गोष्टी मागून घ्या: थकबाकी नसल्याचं पत्र, ते ॲप काढणं आणि बँकेतला ऑटो डेबिट बंद करणं. तिसरी राहिली की नंतर दुसऱ्याच कुठल्या शुल्कासाठी खात्याला हात लागू शकतो.

बर्डी_गल्ली
आन् कार्ड विकाले बसलेला पोरगा 'विमा' गुपचूप जोडते. सही करायच्या आधी कर्जाची रक्कम पाहा. ३०,००० च्या फोनले ३२,४०० लिहिले असतील तर विचारा २,४०० काहून.

दीक्षाभूमी_चौक
@गोकुळपेठ_मंडई ताई, लेकीच्या बंद पडणाऱ्या फोनचं कोणी उत्तरच दिलं नाही. २० टक्क्यांवर बंद पडतो म्हणजे फोन नाही, बॅटरी गेली असावी. जुन्या बॅटरीवर भार पडला की तिचं व्होल्टेज एकदम खाली येतं, म्हणून टक्के शिल्लक दिसूनही बंद होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनचं हमखास असं होतं. ॲपलनं तर ठेवण्याची मर्यादाच ४५ अंश सांगितली आहे, बंद गाडीत त्याच्या वर सहज जातं. किती वर्षांचा आहे?

गोकुळपेठ_मंडई
तीन वर्षं झाले न. कॉलेजात जाते, गाडीच्या डिक्कीतच असते फोन उन्हात.

दीक्षाभूमी_चौक
मग आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॅटरीची तपासणी. सकाळी द्या, शक्यतो त्याच दिवशी मिळतो. जुनी बॅटरी फुगलेली असेल तर मागचं झाकण किंचित उचललेलं दिसेल, तसं दिसलं तर चार्जिंगला लावूच नका, बंद करून न्या.

गोकुळपेठ_मंडई
अगं बाई, कडेला जरा वर आल्यासारखं दिसते खरं. बंद केला आताच. उद्या सकाळी घेऊन जाते. खूप उपकार झाले भाऊ, ३०,००० चा विचार करून राहिली होती मी.