नऊ महिन्यांच्या बाळासह ग्रँड कॅन्यन परिसर : छायाचित्रणाचे नियोजन कसे करावे?

रानवाटा (प्रश्न)

नमस्कार. ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही डलासहून लास वेगासला उतरून पुढे गाडीने झायन आणि ब्राइस ही यूटातील राष्ट्रीय उद्याने, ॲरिझोनातील पेज हे गाव आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा असा आठवडाभराचा प्रवास आखत आहोत. सोबत नऊ महिन्यांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई असतील. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही, परंतु गेली अनेक वर्षे मी ते मनापासून करते. फुल-फ्रेम कॅमेरा, 16–35 मिलिमीटर (रुंद दृश्य घेणारी) आणि 70–200 मिलिमीटर (दूरचे जवळ आणणारी) या दोन लेन्स आणि ट्रायपॉड एवढे सामान नेण्याचा विचार आहे.

मुलगी डलासच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सातला उठते आणि रात्री आठला झोपते. दिवसात दोन झोपा होतात. दऱ्यांची छायाचित्रे सूर्योदयाला आणि सूर्यास्तालाच काढावीत असे जिथे तिथे वाचायला मिळते. तेवढ्यासाठी बाळाची झोपमोड करावी असे मला वाटत नाही आणि इतक्या दूर जाऊन फक्त भर दुपारची सपाट छायाचित्रे घेऊन परतावे असेही वाटत नाही. यातून मार्ग कसा काढावा? कड्याच्या काठावर बाळ आणि कॅमेरा दोन्ही सांभाळताना आपण नेमके काय करता? ज्यांनी तान्ह्या मुलांसोबत हा भाग पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

छायाप्रकाश

सर्वप्रथम, चार ठिकाणे एका आठवड्यात बसवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. लास वेगासहून झायन अडीच तासांवर आहे, झायनहून ब्राइस दोन तासांवर, आणि पेजहून दक्षिण कड्यावरील वस्तीपर्यंत पुन्हा अडीच तास लागतात. बाळाला दूध पाजण्यासाठी आणि डायपर बदलण्यासाठी थांबत गेलात की यातील प्रत्येक आकडा दीडपट होतो, आणि बाळ कार सीटमध्ये अडकून राहिल्यामुळे मुक्कामाला पोहोचेपर्यंत सगळ्यांचाच धीर सुटलेला असतो. ब्राइस या वेळी सोडून द्यावे. ते आठ हजार फुटांच्याही वर आहे, ऑक्टोबरात तेथील पहाट गोठवणारी असते, आणि तेथील सुळक्यांचे खरे सौंदर्य नेमके त्या पहाटेच्याच उजेडात दिसते.

झायनची गोष्ट याच्या उलट आहे, आणि म्हणूनच बाळ सोबत असताना ते सोयीचे ठरते. तेथे आपण दरीच्या तळाशी असतो आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती असतात. ऊन एका भिंतीवर पडून समोरच्या सावलीतल्या भिंतीवर उसळते, तेव्हा ती सावलीतली भिंत आतून पेटल्यासारखी नारिंगी दिसू लागते. हा परावर्तित उजेड सकाळ वर चढल्यानंतर मिळतो, म्हणजे बाळाची पहिली झोप आणि दूध आटोपल्यावर. चौकटीतून आकाश पूर्णपणे वगळा आणि उन्हातली भिंतही शक्यतो बाहेर ठेवा; मग रंग फिके पडत नाहीत. पारुस ट्रेल आणि रिव्हरसाइड वॉक या दोन्ही वाटा पक्क्या आहेत, बाबागाडी चालते आणि सासूबाईंनाही झेपेल. मात्र व्हर्जिन नदीत बाळाचे पाय बुडवण्याचा मोह टाळावा. 2020 पासून तेथे विषारी सायनोबॅक्टेरियाबाबत उद्यानाचे इशारे आहेत, आणि या वयाची मुले हात थेट तोंडात घालतात.

आता सूर्योदयाचा प्रश्न. ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात दक्षिण कडा डलासपेक्षा दोन तास मागे असतो. आपली मुलगी तेथील पाचला आपोआप उठेल. ऑक्टोबरच्या मध्यावर तेथे सूर्य साडेसहाच्या थोडा नंतर उगवतो, म्हणजे दूध पाजून, कपडे घालून कड्यावर पोहोचायला पुरेसा वेळ मिळतो. संध्याकाळी सूर्य सहाच्या आत मावळतो आणि तीच तिची झोपेची वेळ. तेव्हा तिला स्थानिक वेळेवर आणण्याची खटपट करूच नका. प्रवासात साधारणपणे आपण बाळाला नव्या घड्याळाची सवय लावू पाहतो. येथे जुने घड्याळच आपल्या कामाचे आहे. यूटामध्ये घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असते एवढे फक्त ध्यानात ठेवा.

दक्षिण कड्यावर किमान तीन रात्री राहा, आणि शक्य असल्यास उद्यानाच्या आतच, कड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाहेर राहिल्यास पहाटेचा सगळा वेळ गाडीत जातो. यावापाई पॉइंटवर उजेड येण्याच्या बराच आधी उभे राहा. प्रथम पलीकडच्या ब्रह्मा आणि झोरोअ‍ॅस्टर या शिखरांचे माथे गुलाबी होतात, मग ऊन एकेक थर खाली उतरू लागते, आणि नदीची आतली घळ मात्र बराच काळ निळसर काळोखातच राहते. या वेळी 16–35 बाजूला ठेवून 70–200 लावावी असे मी सुचवेन. संपूर्ण दरी एका चौकटीत कोंबली की ती लहान आणि सपाट दिसते. लांब लेन्सने एकामागे एक उभ्या असलेल्या कड्यांच्या चार-पाच रांगा घेतल्या, तर प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा फिकट होत जाते आणि खोली आपोआप उमटते.

एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठरवताना वरच्या फिकट थरांकडे पाहा. कड्याचा कैबाब चुनखडक आणि त्याच्या खालचा कोकोनिनो वालुकाश्म हे दोन्ही इतके उजळ आहेत की कॅमेऱ्याने दरीच्या सावलीचे मापन केले तर ते हमखास पांढरेफटक होतात. त्यांचा पोत टिकेल असे एक्सपोजर घ्या, सावली नंतर उचलता येते. त्यांच्या बऱ्याच खाली जो उभा लाल कडा दिसतो त्या रेडवॉलचा खडक मुळात करडा आहे. वरच्या थरांतील लोह पावसाबरोबर ओघळून त्याला तो रंग चढला आहे. त्यामुळे त्याचा लाल रंग संगणकावर आणखी वाढवला की तो लगेच खोटा वाटू लागतो.

अंकुर

छायाप्रकाश यांनी प्रकाशाबद्दल लिहिलेच आहे. मी बाळाबद्दल लिहिते. दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवर आहे. हवा कोरडी असते आणि मोठ्यांनाही नकळत पाणी कमी पडते. बाळाला नेहमीपेक्षा अधिक वेळा अंगावर पाजावे किंवा नेहमीचे दूध द्यावे, मधूनमधून पाण्याचे घोट द्यावेत, आणि डायपर किती ओले होत आहेत यावर लक्ष ठेवावे. नाचणीचे सत्त्व किंवा मऊभात थर्मासमध्ये नेल्यास दुपारचे जेवण कुठल्याही बाकावर उरकता येते. गाडी उंचावरून खाली उतरत असताना दूध पाजता आले नाही, तर चोखणी तरी द्यावी. गिळण्याच्या क्रियेने कानाचे दडे सुटतात. अर्थात दूध पाजायचे असेल तर गाडी थांबवूनच. निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांशी एकदा बोलून घ्यावे, विशेषतः बाळाला सर्दी किंवा कानाचा त्रास होऊन गेला असेल तर.

ऑक्टोबरात तेथे दुपारी साधारण 18 अंश असते आणि रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. पहाटे कड्यावर वारा असतोच. कानावरून येणारे टोपडे, हातमोजे आणि दोन पातळ थरांवर एक जाड थर असे कपडे असावेत, म्हणजे ऊन चढल्यावर एकेक उतरवता येतात. छातीशी बांधलेल्या कॅरिअरमध्ये आपल्या अंगाची ऊबही बाळाला मिळते, म्हणून त्यात एक थर कमीच ठेवावा आणि मानेमागे हात लावून घाम येतो आहे का हे पाहत राहावे. बाळाचे नाक-तोंड दुपट्याखाली झाकले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

आणि एक गोष्ट आमच्या घरात नियम म्हणून पाळली जाते : ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्याजवळ बाळ नाही. कॅरिअरमध्ये बाळ बांधलेले असताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आपले पायांकडे लक्ष राहत नाही, आणि छातीवरच्या वजनाने तोलही बदललेला असतो. दक्षिण कड्यावर कठडे ठरावीक ठिकाणीच आहेत; मधल्या लांब पट्ट्यांत काहीही नाही. काठापासून निदान सहा फूट दूर राहावे असे उद्यानच सांगते. बाळ सोबत असेल तेव्हा मी हे अंतर याच्या दुप्पट ठेवते. बाबागाडी थांबवली की ब्रेक लावावा आणि तोंड दरीच्या दिशेने न ठेवता आडवे ठेवावे.

रानवाटा

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. ब्राइस वगळून त्या रात्री दक्षिण कड्याला देत आहोत. आता पेजबद्दल विचारते. अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत बाळाला नेता येते का, आणि हॉर्सशू बेंड या कोलोरॅडो नदीच्या नालाकृती वळणासाठी 16 मिलिमीटर पुरेसे आहे का?

वाळूघड्याळ

मी ॲरिझोनातच राहतो आणि पाहुणे आले की पेजला जाणे होते. अँटिलोप कॅन्यन नवाहो लोकांच्या भूमीवर आहे आणि तेथे त्यांच्या वाटाड्यांसोबतच प्रवेश मिळतो. ट्रायपॉड चालत नाही आणि पिशव्याही आत नेऊ देत नाहीत. यात डायपरची पिशवीही आली. त्यामुळे आत शिरण्यापूर्वी दूध आणि डायपर उरकून घ्यावे. लोअर अँटिलोपमध्ये लोखंडी उभ्या शिड्या उतराव्या लागतात; बाळ आणि सासूबाई सोबत असताना मी ते सुचवणार नाही. अपर अँटिलोपचा तळ सपाट वाळूचा आहे, पण तेथपर्यंत टूरच्या गाडीतून जावे लागते, म्हणून बाळासाठी कार सीटची काय व्यवस्था आहे आणि परतीच्या वाटेवर किती चढउतार आहे हे आरक्षण करतानाच विचारावे. पाठीवरचे फ्रेमचे कॅरिअर त्या अरुंद भिंतींमध्ये अडते, छातीवरचे ठीक.

वरून तिरपे उतरणारे प्रसिद्ध उजेडाचे झोत साधारण मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच, तेही मध्यान्हीच्या सुमारास दिसतात. आपण जाल तेव्हा ते जवळजवळ संपलेले असतील, म्हणून मध्यान्हीच्या महागड्या वेळेसाठी जादा पैसे मोजू नयेत. बाळाच्या झोपेला सोयीची वेळ निवडावी. भिंतींवरचा मऊ परावर्तित उजेड तसाही दिवसभर सुंदर असतो. 16–35 बाहेरच लावून घ्यावी आणि आत लेन्स बदलू नये, कारण वरून बारीक वाळू सतत झिरपत असते आणि लेन्सच्या फोकस-रिंगमध्ये गेली की ती करकर महिनोन्महिने जात नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 1600 ते 3200 ठेवल्यास हातात धरूनही छायाचित्रे स्थिर येतात.

हवामानामुळे टूर रद्द झाली तर वाद घालू नये. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोपमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात 11 पर्यटक मृत्युमुखी पडले, आणि तो पाऊस कॅन्यनवर नव्हे तर दूर वरच्या अंगाला पडला होता. माथ्यावर निळे आकाश असले म्हणून घळ सुरक्षित ठरत नाही.

हॉर्सशू बेंडला जाऊन-येऊन दीड मैल चालावे लागते. वाट आता रुंद आणि पक्की असल्याने मोठ्या चाकांची बाबागाडी जाते, परंतु सावली जवळपास नाहीच. नदी सुमारे हजार फूट खाली आहे आणि कठडा काठाच्या थोड्याच भागाला आहे. 16 मिलिमीटरमध्ये नदीचे पूर्ण वळण जेमतेम मावते, आणि ते मावावे म्हणून लोक काठाकडे सरकत जातात. तसे न करता कठड्याच्या मागे उभे राहून कॅमेरा उभा धरावा, एकमेकांवर एक तृतीयांश येतील अशा पाच-सहा चौकटी घ्याव्यात आणि घरी त्या जोडाव्यात. मधल्या सकाळी, दरीतली सावली ओसरल्यावर, पाण्याचा हिरवा रंग खुलतो. सूर्यास्ताला सूर्य थेट समोर येतो, गर्दी दाटते आणि आपल्या मुलीची झोपेची वेळ झालेली असते. तो मोह सहज सोडता येण्याजोगा आहे.

जुनाकड्या

एक सूचना राहून गेली आहे, म्हणून लिहितो. ब्राइट एंजल वाटेच्या तोंडाशी, अगदी कड्यावर, कोल्ब स्टुडिओ आहे. तो जरूर पाहावा. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब या भावांनी 1904 मध्ये तेथे बस्तान बसवले. खेचरांवरून दरीत उतरणाऱ्या प्रवाशांचे छायाचित्र ते सकाळी काढत. कड्यावर छायाचित्रे धुण्याजोगे स्वच्छ पाणी नसल्यामुळे छायाचित्रांच्या काचा (निगेटिव्ह) घेऊन साडेचार मैल खाली, तीन हजार फूट उतरून झऱ्यापर्यंत जात, तेथे त्या धुऊन प्रवासी परतण्यापूर्वी धावत वर येत. एमरीने आपली मुलगी ईडिथ हिला याच घरात वाढवले. दरी आणि संसार या दोन्हींना एकाच छताखाली जागा देणारे ते कुटुंब होते, म्हणून आपल्या प्रश्नाच्या संदर्भात ते मला फार जवळचे वाटते.

आपल्या कुटुंबालाही चौकटीत घ्या, पण दरीला पाठ करून ओळीने उभे करू नका. सासूबाई आणि बाळ कठड्याजवळच्या बाकावर बसलेले असताना चाळीस-पन्नास पावले मागे जाऊन 70–200 ने घ्यावे. मागचे कडे मोठे होऊन जवळ येतात, माणसे लहान दिसतात आणि दरीची व्याप्ती कळते. मेदर पॉइंटवरून पूर्वेकडे विष्णू टेंपल हे शिखर दिसते. क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाने 1880 च्या दशकात विष्णू, शिव अशी नावे या शिखरांना दिली. सासूबाईंना ते दाखवाच. याकी पॉइंटवरून ते अधिक चांगले दिसते, मात्र तेथे खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या बसनेच जावे लागते. त्या दिवशी मोठी बाबागाडी खोलीवर ठेवून छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी बरोबर घ्यावी.