मदत हवी आहे: डिफेन्सचा कॉल (चालीसाठी ठरवलेली बचावाची रचना) चुकला की खेळाडू, हे ओळखायचं कसं?

मंडळी, प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, आपल्या सॉकरचा नाही.

सामना 23 जानेवारी 2022 चा, बफेलो बिल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. बिल्स 36-33 ने पुढे, उरले फक्त 13 सेकंद. चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) महोम्सचा हिलला पास, 19 यार्ड. मग केल्सीला, 25 यार्ड. 49 यार्डांवरून फील्ड गोल (किकने 3 गुण), बरोबरी, आणि ओव्हरटाइममध्ये चीफ्स 42-36 ने जिंकले. खापर फुटलं प्रशिक्षक मॅकडरमट आणि डिफेन्स सांभाळणारे फ्रेझर यांच्यावर.

त्या दोन चाली मी वीसेक वेळा पाहिल्या. टीव्हीवरच्या आणि सगळे बावीस जण दिसतात त्या उंच कॅमेऱ्यातूनही. सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) पार मागे, कॉर्नरबॅक (कडेचे बचावपटू) साइडलाइन राखतायत, मधे मैदान मोकळं. साइडलाइनबाहेर गेलं की घड्याळ थांबतं, पण ते थांबवायला चीफ्सकडे टाइमआउट शिल्लक होते, मग साइडलाइनची एवढी काळजी कशाला? मला तरी कॉलच भित्रा वाटतो. पण निकाल माहीत असताना शहाणपण सुचतंच, म्हणून विचारतोय.

कव्हर 2, कव्हर 3, मॅन-टू-मॅन या बचावाच्या रचना, एवढं ओळखता येतं. प्लेबुक अर्थातच हातात नाही. त्या 13 सेकंदांआधीची बिल्सची किकऑफ आखूड मारायला हवी होती हा वाद कृपया इथे नको.

पास सुटण्याआधी आणि नंतर नेमकं कोणाकडे बघितलं की कळेल, ती मोकळी जागा कॉलनेच सोडली होती की एखादा लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) आपली जागा चुकला?