टायमर१ ला १ मिलिसेकंदाचा इंटरप्ट लावलाय तरी घड्याळ मागं पडतंय

उद्यमनगर_चिप
मंडळी, मामांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, जॉबवर्क तासावर चालतं, त्यांच्यासाठी लेथला अवर मीटर बनवतोय. कॉन्टॅक्टर (मोटर चालू करणारा विजेचा स्विच) ओढला की मोजायला सुरू, सुटला की बंद, एवढंच. बोर्ड साधा आर्डुइनो ऊनो, त्यावरची चिप ॲटमेगा ३२८पी, १६ मेगाहर्ट्झ. टायमर नीट शिकायचा होता म्हणून मिलिस() (आर्डुइनोचं मिलिसेकंद मोजणारं तयार फंक्शन) न वापरता चिपमधला टायमर१ सीटीसी मोडमध्ये (ठरवलेल्या आकड्यापर्यंत मोजून शून्यावर यायचं) लावला. प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ६४, ओसीआर१ए (कुठवर मोजायचं तो आकडा) २४९, शून्य धरून २५०, म्हणजे १,६०,००,००० भागिले ६४ भागिले २५०, बरोबर १००० हर्ट्झ यायला पाहिजे. सेटअप मध्ये एवढंच आहे:

टीसीसीआर१बी |= (१ << डब्ल्यूजीएम१२) | (१ << सीएस११) | (१ << सीएस१०);
ओसीआर१ए = २४९;
टीआयएमएसके१ |= (१ << ओसीआयई१ए);

आयएसआर मध्ये (टायमरनं इंटरप्ट म्हणजे हाक दिली की चालणारं फंक्शन) काउंटर वाढवतो, हजार झाले की एक सेकंद, आणि दर मिनिटाला ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) सेव्ह, ते पण आयएसआर मध्येच. आता गंमत अशी की मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पूर्ण एक तास झाला तेव्हा डिस्प्लेवर ५८ मिनिटं ३४ सेकंद. आठ तासाच्या शिफ्टला अकरा-साडेअकरा मिनिटं गायब, मामा म्हणत्यात हे मीटर गिऱ्हाइकाच्या बाजूचं हाय. जरा भरून काढावं म्हणून ओसीआर१ए २४० केला, मग २०० केला, तरी काडीचा फरक नाही, तेच ५८:३४. हे कसं काय?

राजारामपुरी_सोल्डर
क्लोन बोर्ड असणार भावा. ऊनोवर ३२८ ला क्रिस्टल नसतोच, सिरॅमिक रेझोनेटर (क्लॉक देणारा स्वस्त भाग) असतो, तो हलतो. क्रिस्टल लावलेला बोर्ड घे नायतर आरटीसी (घड्याळाची वेगळी चिप) लाव आणि विषय संपव.

शिरोली_फर्मवेअर
रेझोनेटर नाही हो हा. रेझोनेटर चुकून चुकून अर्धा टक्का चुकंल, म्हणजे तासाला १८ सेकंद. इथं ८६ सेकंद गेल्यात. आणि रेझोनेटरचा दोष असता तर ओसीआर बदलल्यावर वेळ बदललीच असती की, २०० केल्यावर घड्याळ सुसाट पळायला पाहिजे होतं. ते पळालं नाही म्हणजे टायमर २४९ ला शून्यावर येतच नाहीय, दुसरीकडं कुठंतरी वळतोय. सगळी गोम तिथं आहे.

आता ३६०० भागिले ५८:३४ चे सेकंद म्हणजे ३५१४ करून बघ, १.०२४ येतंय. आणि २५६ भागिले २५० किती? १.०२४. म्हणजे तुझा टायमर २५० ऐवजी २५६ मोजून वळतोय.

का, तर आर्डुइनोचं कोअर (तुझ्या प्रोग्रामला आपोआप जोडला जाणारा कोड) तुझ्या सेटअप च्या आधीच सगळे टायमर पीडब्ल्यूएमसाठी (पिन झटपट चालू-बंद करून एलईडी वगैरे मंद करायला) लावून ठेवतं. टायमर१ च्या टीसीसीआर१ए रजिस्टरमध्ये मोड ठरवणारा डब्ल्यूजीएम१० बिट आधीच १ असतो. तू टीसीसीआर१बी ला ऑर करून डब्ल्यूजीएम१२ टाकलास आणि ए रजिस्टरला हातच लावला नाहीस, म्हणजे दोन्ही बिट १. डेटाशीटमधला मोडचा तक्ता उघड, सीटीसी म्हणजे मोड ४, आणि तुझा झालाय मोड ५, फास्ट पीडब्ल्यूएम ८ बिट, त्याचा टॉप (शेवटचा आकडा) कायम २५५. ओसीआर१ए ला मॅच होतो, इंटरप्ट पण येतो, पण फेरीत एकदाच, आणि फेरी २५६ ची, मग ओसीआर २४९ ठेव नायतर २०० ठेव. म्हणून तर हे लय फसवं आहे, एलईडी ब्लिंक करून बघितला असतास तर सगळं झकास वाटलं असतं.

आधी पुसून घे, मग लिही:

टीसीसीआर१ए = ०;
टीसीसीआर१बी = ०;
टीसीएनटी१ = ०;
ओसीआर१ए = २४९;
टीआयएमएसके१ |= (१ << ओसीआयई१ए);
टीसीसीआर१बी = (१ << डब्ल्यूजीएम१२) | (१ << सीएस११) | (१ << सीएस१०);

प्रीस्केलर शेवटी, कारण टायमर तिथं सुरू होतो. आणि तुझं नशीब की ६४ च निवडलास, कोअर पण ६४ च लावतं म्हणून प्रीस्केलरचे (सीएस) बिट जुळले. २५६ साठी नुसता सीएस१२ ऑर केला असतास तर तिन्ही बिट १ झाले असते, म्हणजे बाहेरचा क्लॉक, टी१ पिनवरून, ऊनोवर ५ नंबर. तिथं काही जोडलेलं नसलं की टायमर गप बसतो, आणि बोट लावलं की मधीच चालतो, मग लोक भुताटकी म्हणत्यात.

सायबर_चौक_ताई
वरचं सगळं बरोबर, पण त्या ईईप्रॉमचं पण बघा. एका बाइटला साधारण तीन-साडेतीन मिलिसेकंद लागतात आणि तुमचा टिक एक मिलिसेकंदाचा, म्हणजे आयएसआर मध्ये लिहिताना टिक बुडणार. तासाचा विचार केला तर ते किरकोळ आहे, ८६ सेकंदांशी त्याचा संबंध नाही, तरी बाहेर काढा, आयएसआर मध्ये फक्त फ्लॅग लावा आणि लूप मध्ये लिहा. मोठा घोळ वेगळाच आहे, ईईप्रॉमची हमी १ लाख वेळा लिहिण्याची. दर मिनिटाला एकाच जागी लिहिलंत तर १६६६ तासात एक लाख पूर्ण, दोन शिफ्ट चालणारी लेथ असेल तर साडेतीन महिने. १०२४ बाइट आहेत, जागा फिरवत लिहा.

आणि सेकंदांचा काउंटर ३२ बिटचा असेल तर व्होलटाइल करा (म्हणजे कंपायलर तो दर वेळी मेमरीतूनच वाचतो), आणि लूप मध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून कॉपी घ्या. ८ बिटचा प्रोसेसर चार बाइट एकदम वाचत नाही, मध्येच इंटरप्ट आला की अर्धा आकडा जुना अर्धा नवा.

राजारामपुरी_सोल्डर
एवढा कुटाणा करण्यापेक्षा मिलिस() काय वाईट होतं म्हणतो मी?

शिरोली_फर्मवेअर
वाईट काय नाही, मीटरच पाहिजे असतं तर मी पण तेच सांगितलं असतं. फक्त मजा बघा, मिलिस() च्या खाली टायमर० पण १.०२४ मिलिसेकंदालाच ओव्हरफ्लो होतो, तेच ६४ आणि २५६. पण तिथं कोअर वरचे २४ मायक्रोसेकंद साठवत राहतं आणि साधारण ४१-४२ फेऱ्यांनी एकदा मिलिस() एकदम दोननं पुढं सरकवतं. म्हणून ते मागं पडत नाही.

उद्यमनगर_चिप
नाद खुळा! टीसीसीआर१ए शून्य केल्या केल्या सरळ झालं, चार तासात सात सेकंदाचा फरक, तेवढं रेझोनेटरचं धरतो, मामा खूश. ताई, ईईप्रॉम लूप मध्ये घेतलं, फिरवून लिहायचं आज करतो. आता एक राहिलं, ९ नंबर पिनवर एक इंडिकेटर एलईडी आहे, तो ॲनालॉगराईट नं मंद ठेवायचा होता, चालंल ना?

शिरोली_फर्मवेअर
अजिबात नको. ९ नंबर म्हणजे ओसी१ए, ॲनालॉगराईट(९, १००) केलंस की ते सरळ ओसीआर१ए मध्येच १०० लिहितंय. म्हणजे टिक ४०४ मायक्रोसेकंदाचा, घड्याळ जवळजवळ अडीचपट पळंल, मग मात्र गिऱ्हाईक वर्कशॉपात येऊन बसंल. १० नंबर पण टायमर१ चाच, सोड. एलईडी ३ किंवा ११ वर घे, ते टायमर२ वर आहेत. बझरला टोन() वापरणार असशील तर तो टायमर२ घेतो, मग ५ किंवा ६ वर घे.