कोडच्या कमेंटमधलं 'पाहा' : दुवा, संदर्भ की निर्देश?

विचारणा : मराठीतून प्रोग्रामिंगची टिपणं लिहितो आहे. 'याच्याशी संबंधित कोड अमुक फाइलमध्ये आहे' असं कमेंटमध्ये (कोडमध्ये वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपेत) सांगतात, त्याला काय म्हणावं? मला 'दुवा' सोपा वाटतो.

प्रतिसाद : 'दुवा' ठेवा, पण सरसकट नको. टिचकी मारली की जागेवर नेतो तो दुवा. जावाडॉक म्हणजे जावा भाषेतल्या कोडच्या कमेंटमधून माहितीची पानं बनवणारं साधन; त्याचा 'लिंक' टॅग तसा आहे. रस्ट भाषेत १.४८ या आवृत्तीपासून (२०२०) डॉक-कमेंटमध्ये, म्हणजे अशा पानांसाठीच्या कमेंटमध्ये, चौकटी कंसात नुसतं नाव लिहिलं तरी रस्टडॉक हे तिथलं साधन त्याचा दुवा करतं आणि नाव सापडलं नाही तर इशारा देतं. फंक्शनच्या पोटातल्या साध्या कमेंटला ही सोय नाही. तिथे वाचणाऱ्यानेच शोधत जायचं असतं, म्हणून तो 'निर्देश'.

प्रतिसाद : निर्देश पटला. प्रत्यक्ष लिहिताना मात्र 'पाहा' पुरे. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'पहा :' असतंच, वाचकाला ते सवयीचं आहे.

याचा सर्वांत चांगला वापर मी हास्केल भाषेच्या जीएचसी कंपायलरच्या कोडमध्ये पाहिला. एखादी गुंतागुंत चार ठिकाणी पसरलेली असेल तर तिचं स्पष्टीकरण एकाच जागी लिहितात, त्याला 'नोट' म्हणतात आणि चौकटी कंसात ठसठशीत नाव देतात. बाकीच्या ठिकाणी फक्त 'सी नोट' (म्हणजे 'टीप पाहा') आणि तेच नाव. त्या नावाचा शोध घेतला की मूळ टीप सापडते, शिवाय तिच्यावर विसंबलेली प्रत्येक जागाही सापडते. कुठलाही एडिटर चालतो. मराठीत मी याला 'नामांकित टीप' म्हणणार नाही, त्याचा अर्थ 'प्रसिद्ध' होतो. 'नावाची टीप' म्हणा.

विचारणा : मग 'ओळ २१२ पाहा' हाही निर्देशच ना?

प्रतिसाद : आहे, पण कृपा करून शिकवू नका. वर एक ओळ वाढली की तो चुकतो आणि कुणाला कळतही नाही. फंक्शनचं किंवा टिपेचं नाव द्या. आणि का पाहायचं तेही लिहा. डेटा लिहिणारं फंक्शन एका फाइलमध्ये, वाचणारं दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर नुसतं 'पाहा' अपुरं आहे. 'इथला क्रम बदलला तर तिथलाही बदला' हे वाक्य हवंच, आणि दोन्ही फाइलींत हवं. वाचणाऱ्या बाजूने सुरुवात करणाऱ्याला लिहिणाऱ्या बाजूची कमेंट दिसणार कशी? अशा जोडीला 'परस्परनिर्देश' हा शब्द चांगला बसतो.

विचारणा : 'परस्परनिर्देश' घेतो. 'दुवा' फक्त टिचकीच्या ठिकाणी.