शब्दचर्चा: धीर, धैर्य, हिंमत आणि 'भिऊ नका'

प्रश्न
पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, धीर, धैर्य, हिंमत, खंबीर असे वेगवेगळे शब्द येतात. प्रवचनात मात्र सरसकट 'धैर्य' ऐकू येते. आणि घाबरलेल्या माणसापुढे २ तीमथ्य १:७ हमखास ठेवले जाते: 'देवाने आपल्याला भित्रेपणाचा नव्हे, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे.' मग भीती वाटली की विश्वास उणा पडला असे समजायचे का? या शब्दांत खरेच फरक आहे का?

ग्रीकवाला
आहे, आणि त्या वचनापासूनच सुरू होतो. भीतीसाठी नेहमीचा ग्रीक शब्द फोबॉस. इथे तो नाही, देइलिया आहे. म्हणून भाषांतरकारांनी 'भीती' न लिहिता 'भित्रेपणा' लिहिले, ते अचूक आहे. मराठीतही भीती वाटते, पण भित्रेपणा वाटत नाही. भित्रेपणा करतात, दाखवतात. पुढची ओळ (१:८) वाचली की रोख कळतो: प्रभूविषयीच्या साक्षीची आणि बेड्यांत असलेल्या पौलाची, म्हणजे पत्र लिहिणाऱ्याची, लाज धरू नको. सांगणे अंग चोरण्याविषयी आहे, छातीतल्या धडधडीविषयी नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप न लागणाऱ्याला हे वचन ऐकवणे म्हणजे चुकीच्या दुखण्यावर औषध. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूसुद्धा व्याकूळ झाला होता (मार्क १४:३३), त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

बोलीवेडा
मराठीच्या बाजूने भर घालतो. 'धीर' हा देण्याघेण्याचा शब्द आहे. धीर देतात, धरतात, तो सुटतो, खचतो. 'धैर्य' तसे हातातून हातात जात नाही. धैर्य दाखवतात, एकवटतात, ते अंगी असावे लागते. मयताच्या घरी आपण 'धीर द्यायला' जातो, 'धैर्य द्यायला' नाही. स्तोत्र २३:४ मध्ये 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' हे म्हणूनच इतके सहज उतरले आहे. धीर दुसऱ्याकडून येतो.

ग्रीकवाला
हे पटले. 'धीर धर' किंवा 'धीर धरा' यामागचे ग्रीक क्रियापद थार्सेओ. त्याचा आज्ञार्थ नव्या करारात सात ठिकाणी आहे. त्यांपैकी सहा ठिकाणी येशूच्या तोंडी आणि एकदाच लोकांच्या, आंधळ्या बार्तीमयाला (मार्क १०:४९). त्याला लागून बहुतेक वेळा कारण येते. पक्षाघात्याला: पापांची क्षमा झाली आहे. होडीतल्या शिष्यांना: मी आहे. बार्तीमयाला: ऊठ, तो तुला बोलावतो आहे. पौलाला (प्रेषित २३:११): रोममध्येही साक्ष द्यायची आहे. नुसते 'धीर धरा' म्हणून निघून जाणे या वचनांत बसत नाही. धीर धरायचा तो कशाच्या आधारावर, हे सांगावे लागते.

शंकेखोर
पण बोलताना 'जरा धीर धर' म्हणजे थांब, उतावीळ होऊ नको. नव्या वाचकाला येशूचे 'धीर धरा, मी जगाला जिंकले आहे' (योहान १६:३३) हे 'वाट पाहा' असे वाटणार नाही का?

बोलीवेडा
वाटू शकते. नवख्यांपुढे मोठ्याने वाचताना 'हिंमत धरा' म्हणून खुलासा करावा. मूळ वाक्य बदलू नये.

हिब्रूवाली
हिंमतीवरून यहोशवा १ आठवतो, मोशेनंतर पुढारी झालेल्या यहोशवाचा. 'खंबीर हो, हिंमत धर' या अर्थाचे शब्द त्या एका अध्यायात चार वेळा आहेत (ओवी ६, ७, ९, १८). पहिल्या तीन वेळा देव म्हणतो, चौथ्यांदा लोक यहोशवाला म्हणतात! देवाचे वाक्य माणसे परत एकमेकांना देतात. नवव्या ओवीतला 'कचरू नकोस' मला फार आवडतो. मूळ धातूत मोडून पडण्याचा अर्थ आहे, आणि कचरणे म्हणजे पाऊल उचलता उचलता मागे घेणे. नुसत्या घाबरण्यापेक्षा नेमके.

भित्र्यांचा हिशेब शास्ते ७:३ मध्येही आहे. लढाईला निघालेल्या गिदोनाच्या ३२,००० माणसांतून घाबरलेल्यांना परत जायची मुभा मिळाली, तर २२,००० गेले. त्यांना तिथे दूषण दिलेले नाही. जुन्या करारातले अनुवाद हे पुस्तक (२०:८) त्यामागचे कारण सांगते: एकाचे मन खचले की भावाबंदांचेही खचते.

शंकेखोर
आणि 'परमेश्वराचे भय'? एकीकडे भिऊ नका, दुसरीकडे ते भय ज्ञानाचा प्रारंभ (नीतिसूत्रे १:७).

हिब्रूवाली
हिब्रूत दोन्हीकडे एकच धातू आहे, यारे. मराठीत 'देवभीरू' म्हटले की आदर कळतो, नुसते 'भय' म्हटले की दहशत. प्रवचनात 'आदरयुक्त भय' असे एकदा फोडून सांगितले की पुरते.

ग्रीकवाला
'धैर्य' कुठे हवे तेही सांगून टाकतो. प्रेषित ४:१३ मध्ये पेत्र व योहान यांचे 'धैर्य' म्हणजे पार्रेसिया, मोकळे, उघड बोलणे. योहान ७:१३ मध्ये हाच शब्द 'उघडपणे' असा येतो आणि त्याच ओवीत भीतीही आहे: भीतीमुळे लोक उघडपणे बोलत नव्हते. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'निर्भीड'. भीड आणि भीती वेगळ्या. माणूस वाघाला न भिता चार लोकांची भीड धरतो. प्रेषित ४:२९ ची प्रार्थना बघा, धमक्या मिळाल्यावरही मंडळी संरक्षण मागत नाही, वचन निर्भीडपणे बोलता यावे असे मागते.

पाळकीय काम करणारी
वापराचे सांगते. रुग्णाजवळ पाचेक मिनिटे पुरतात. आधी विचारा, नेमके कशाचे वाटते: भूल, दुखणे, पैसा, की मागे राहणारी मुले? तेच नाव घेऊन प्रार्थना करा. 'सर्व भय दूर कर' ही पोकळ जाते. वचन एकच, चार वाचली की एकही ध्यानात राहत नाही. स्तोत्र २३ घेतले तर पहिल्या तीन ओव्यांत 'तो' आहे, 'तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो', आणि चौथ्या ओवीत मृत्युच्छायेच्या दरीत पोहोचल्याबरोबर 'तू माझ्याबरोबर आहेस'. तिथे क्षणभर थांबून वाचा. 'विश्वास असेल तर भीती वाटणार नाही' हे वाक्य मात्र टाळा. मग रुग्ण भीती लपवतो आणि तुमच्यासमोर हसतो.

'बायबलमध्ये ३६५ वेळा भिऊ नको आहे, रोज एक' हेही सांगू नका. शब्दसूची घेऊन मोजले तर तेवढे भरत नाहीत.

प्रश्न
मग प्रार्थनेत 'प्रभू, धीर दे' की 'धैर्य दे'?

बोलीवेडा
खाटेवरच्याला धीर, साक्षीला उभे राहणाऱ्याला धैर्य. आणि 'धीर चेपला' इथे नको, तो उद्धट पोराचा असतो.