मर्टन यांचे आत्मचरित्र वगळा म्हणणाऱ्यांना उत्तर

जुना वाचक

थॉमस मर्टन या अमेरिकन कॅथलिक संन्यासी-लेखकाचे काय वाचावे, याविषयी गेल्या आठवड्यात येथे आलेल्या लेखात नवख्या वाचकाला असा सल्ला दिला होता, की 'द सेव्हन स्टोरी माउंटन' हे आत्मचरित्र सरळ वगळावे, कारण ते एका नव्याने कॅथलिक झालेल्या कर्मठ तरुणाचे पुस्तक आहे. त्याऐवजी झेन बौद्ध परंपरेवरील निबंध, प्राचीन चिनी तत्त्वज्ञावरचे 'द वे ऑफ च्वांग त्झू' आणि अखेरच्या आशिया-प्रवासाची रोजनिशी 'द एशियन जर्नल' वाचावे, म्हणजे खरे मर्टन भेटतात. हा सल्ला मला केवळ अपुरा नव्हे, तर हानिकारक वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

नोव्हेंबर 1968मध्ये धरमशाला येथे दलाई लामांना भेटणारा हा माणूस 10 डिसेंबर 1941पासून केंटकीतील गेथसेमनी मठात राहिलेला ट्रॅपिस्ट, म्हणजे मौन व कडक शिस्त पाळणाऱ्या कॅथलिक संघाचा, संन्यासी होता. आईवडिलांचे लवकर झालेले मृत्यू, केंब्रिजमधील भरकटलेले वर्ष, कोलंबिया विद्यापीठ, 1938मधील बाप्तिस्मा आणि अखेर मठाचा दरवाजा हा प्रवास ज्याने वाचला नाही, त्याला पुढच्या मोकळेपणाची किंमत कळणार नाही. त्यांनी आधी काय घट्ट धरले होते हेच माहीत नसेल, तर नंतर सैल झालेली मूठ कशी दिसणार?

माझा क्रम असा: प्रथम 1948चे आत्मचरित्र, मग 1953चे 'द साइन ऑफ जोनास'. हे दुसरे पुस्तक मठातील रोजनिशी आहे आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत सुंदर गद्य त्यात आहे. विशेषतः आगीवर लक्ष ठेवण्यासाठी रात्री संपूर्ण मठातून फेरी मारणाऱ्या भिक्षूचे अखेरचे प्रकरण. त्यानंतर 'न्यू सीड्स ऑफ कॉन्टेम्प्लेशन'. 1949ची मूळ आवृत्ती घेऊ नये, कारण मर्टन यांनी पुढे ती जवळजवळ नव्याने लिहिली. चरित्र हवे असेल, तर मायकेल मॉट यांचे 1984चे. ते जाडजूड आहे, पण त्याला पर्याय नाही.

पूर्वाभिमुख

तो लेख माझाच होता, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. आपण ज्या आत्मचरित्राची इतकी शिफारस करता, त्यात पौर्वात्य गूढवाद हा निव्वळ नैसर्गिक पातळीवरचा, कमीअधिक निरुपयोगी आणि काही मिश्रणांत तर सैतानी असल्याचे म्हटले आहे, हे आपण वाचकाला का सांगितले नाही? मी हे पुस्तक एका मित्राला दिले होते. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी आहे. तो त्या पानावर थांबला, पुस्तक परत केले आणि नंतर मर्टन यांचे काहीही वाचायला तयार झाला नाही. 'मिस्टिक्स अँड झेन मास्टर्स' त्याला आधी दिले असते, तर आज तो त्यांचा वाचक असता.

शिवाय 1963मध्ये जपानी आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतः मर्टन यांनीच लिहिले आहे, की हे पुस्तक आज लिहायचे झाले असते तर ते कदाचित वेगळे झाले असते. लेखकच जेथून पुढे सरकला, तेथे वाचकाला का उभे करावे?

वसईची वाचक

आपण दोघेही एक गोष्ट विसरता. मर्टन यांना ऑगस्टीनची 'कन्फेशन्स' आणि 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' वाचा असे सांगणारा माणूस पाद्री नव्हता. ते महानामव्रत ब्रह्मचारी होते, बंगालमधील वैष्णव संन्यासी, आणि ही हकिकत त्याच आत्मचरित्रात मोठ्या कृतज्ञतेने सांगितली आहे. ज्यांनी ते वगळायला सांगितले, त्यांनी भारताशी असलेला मर्टन यांचा पहिला दुवाच वगळला. रेव्हरंड टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेल्याचे आपण मराठी लोक नेहमी सांगतो. मग हे पान आपल्याला परके का वाटावे?

आता माझी तक्रार. आमच्याकडे एका तपसाधनेच्या शिबिरात प्रवचनकाराने आम्हाला बजावले होते, की मर्टन आत्मचरित्रापर्यंतच वाचा, पुढचे पूर्वेकडे भरकटलेले आहेत. म्हणजे आमच्या घरात पहिला अर्धा भाग चालतो आणि पूर्वाभिमुख यांच्या घरात दुसरा. दोन्हीकडे माणूस कापलेलाच. 'झेन अँड द बर्ड्स ऑफ अ‍ॅपेटाइट' 1968मध्ये प्रसिद्ध झाले, त्या वर्षीही मर्टन आपल्या एकांतकुटीत मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करीत होते. त्यांच्या मृत्यूनंतर 1969मध्ये आलेले 'कॉन्टेम्प्लेटिव्ह प्रेयर' हे छोटे पुस्तक वाचा. प्रार्थनेतील भय आणि रितेपणा यांविषयी इतके प्रामाणिक लेखन मी क्वचितच वाचले आहे, आणि ते नखशिखान्त ख्रिस्ती आहे.

लुईव्हिलजवळून

मी येथून गेथसेमनीला अनेकदा गेलो आहे, म्हणून लिहितो. 18 मार्च 1958 रोजी केंटकीतील लुईव्हिल शहरात फोर्थ आणि वॉलनट रस्त्यांच्या चौकात, गर्दीतील सर्व अनोळखी माणसे आपलीच आहेत, अशी जाणीव मर्टन यांना झाली. 'कन्जेक्चर्स ऑफ अ गिल्टी बायस्टँडर' या 1966च्या पुस्तकातील तो उतारा सर्वांना माहीत असतो; पण दुसऱ्या दिवशी रोजनिशीत केलेली मूळ नोंद शेजारी ठेवून वाचली, तरच त्यांनी त्या अनुभवावर किती वर्षे काम केले ते कळते. त्यामुळे माझी शिफारस रोजनिशीच्या सात खंडांचीच आहे. खरे मर्टन पाहिजे असतील तर सहावा खंड, 'लर्निंग टू लव्ह', सर्वांत आधी घ्यावा. 1966मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातील एका शिकाऊ परिचारिकेवर त्यांचे प्रेम बसले, त्याची इतकी उघडी नोंद दुसऱ्या कोणत्या संन्याशाने ठेवली आहे?

रुग्णसेविका

हा खंड सर्वांत आधी? मला याचा संताप येतो. मी आयुष्यभर वॉर्डात काम केले आहे. आम्ही शिकत असताना एका प्रतिष्ठित, वयस्क रुग्णाने आमच्यातील एका मुलीला पत्रे लिहायला सुरुवात केली. गोष्ट उघडकीस आल्यावर मुलीची बदली झाली, आणि रुग्णाला लोक हळवा माणूस म्हणत राहिले. त्यामुळे 51 वर्षांचा जगप्रसिद्ध लेखक आणि शिकाऊ मुलगी यांच्या संबंधाला कोणी 'उघडी नोंद' म्हणून गौरवू लागले, की मी प्रथम हे विचारते, की तिची नोंद कोठे आहे?

लुईव्हिलजवळून

आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यावरून मर्टन यांचा न्याय करणे अन्याय्य आहे. त्यांनी हे प्रकरण दडवण्याची इच्छा धरली नाही. आपल्या चुकाही लोकांना कळाव्यात, असे त्यांनी रोजनिशीत स्पष्ट लिहिले. मृत्यूनंतर 25 वर्षे रोजनिशी प्रसिद्ध होऊ नये, अशी व्यवस्था त्यांनीच केली होती, म्हणून हा खंड 1997मध्ये आला. यापेक्षा जबाबदार वर्तन कोणते?

रुग्णसेविका

उघड होण्याची इच्छा त्यांची होती. 25 वर्षांची मुदत त्यांनी ठरवली. आणि ऑगस्ट 1968मध्ये तिची पत्रे त्यांनीच जाळली, हेही त्यांच्याच रोजनिशीत आहे. म्हणजे दोन माणसांच्या गोष्टीतील एकाचे शब्द कपाटात सुरक्षित आणि दुसऱ्याचे राख झाले. ती पत्रे तिच्या रक्षणासाठी जाळली असतील, हेही मी मान्य करते. पण त्यानंतर उरलेल्या एकतर्फी मजकुराला प्रेमाचा ग्रंथ म्हणून नवख्या वाचकाच्या हाती देऊ नका. ती पाने मी दोनदा वाचली आहेत, आणि त्यांतील यातना खरी आहे याविषयी मला शंका नाही. तरीही त्यांत ती मुलगी मला कोठेही पूर्ण दिसली नाही.

जुना वाचक

चर्चा वाचनक्रमाची होती, ती कोठे पोहोचली! तरीही रुग्णसेविका यांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, आणि तो माझ्याच क्रमाच्या बाजूने जातो. 1966चा प्रसंग मॉट यांच्या चरित्रात संपूर्ण आयुष्याच्या संदर्भात येतो, आणि तेथे त्याचे वजन नेमके राहते. सुट्या रोजनिशीत तोच प्रसंग साऱ्या माणसाला झाकून टाकतो.

वसईची वाचक

आणि त्याने झाकले जाते ते सर्वांत महत्त्वाचे. 1962मध्ये युद्ध आणि शांतता या विषयांवर लिहिण्यास मर्टन यांना वरिष्ठांनी मनाई केली. अण्वस्त्रांविरुद्धचे 'पीस इन द पोस्ट-ख्रिश्चन एरा' हे पुस्तक तयार असूनही अडले आणि 2004मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी आज्ञा मोडली नाही, पण सायक्लोस्टाइल केलेली 'कोल्ड वॉर लेटर्स' मित्रांपर्यंत पोहोचवली. गांधीजींच्या अहिंसाविषयक लेखनातून निवड करून 1965मध्ये त्यांनी दीर्घ प्रस्तावनेसह पुस्तक काढले. या धाग्यावर इतक्या लोकांनी इतके लिहिले, आणि महाराष्ट्रात गांधी वाचणाऱ्या एकालाही ते आठवू नये, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पूर्वाभिमुख

गांधींवरील पुस्तक माझ्या यादीत असायला हवे होते, हे मी मान्य करतो. ब्रह्मचारींच्या पानांसाठी आत्मचरित्रही राहू द्या, मात्र त्या आक्षेपार्ह पानाची पूर्वसूचना देऊनच. परंतु 'द एशियन जर्नल' शेवटी ढकलण्यास माझी संमती नाही. ते त्यांनी स्वतः पूर्ण केलेले नाही, संपादकांनी टिपणांतून जुळवले, हे खरे. तरी श्रीलंकेतील पोलोन्नरुवाच्या बुद्धमूर्तींसमोरची ती पाने, बँकॉकजवळच्या मृत्यूच्या काही दिवस आधी लिहिलेली, मी ज्याला ज्याला वाचून दाखवली तो पुढचे सारे मागून घेऊन गेला.

रुग्णसेविका

ती पाने मलाही प्रिय आहेत. माझ्याकडून नवख्या वाचकासाठी 'द साइन ऑफ जोनास', गांधींवरील प्रस्तावना आणि मॉट. सहावा खंड ज्याला वाचायचा असेल, त्याने मॉट वाचून झाल्यावर घ्यावा.