१९९० च्या टोयोटा पिकअपचे २२आरई इंजिन : चढावर थोडी ताकद वाढवायची आहे, सुरुवात कोठून करावी?

सॅक्रामेंटोकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९९० सालचा टोयोटाचा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप असून त्यात २.४ लिटरचे, चार सिलिंडरचे २२आरई इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. आधीच्या मालकाने मूळचे २२५/७५ आर१५ टायर काढून ३१ इंची टायर बसवले होते आणि तेच अजून चालू आहेत. शहरात गाडीबद्दल तक्रार नाही. मात्र मागे फायबरचे छत आणि कॅम्पिंगचे सामान घेऊन आय-८० महामार्गाने डोंगरातल्या टाहोकडे निघालो की ऑबर्न सोडल्यावर पाचवा गिअर निरुपयोगी होतो, कोलफॅक्सच्या पुढे चौथाही पुरत नाही आणि डॉनर खिंडीच्या अलीकडे मी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४५ मैलांनी मालवाहू ट्रकांच्या रांगेत अडकतो.

मला शर्यत खेळायची नाही. गाडी कॅलिफोर्नियाच्या स्मॉग (धूर-प्रदूषण) चाचणीत उत्तीर्ण झाली पाहिजे, रोज भरवशाची राहिली पाहिजे आणि साध्या ८७ ऑक्टेन पेट्रोलवर चालली पाहिजे. खर्चाची मर्यादा साधारण अडीच हजार डॉलर आहे. हेडर (एक्झॉस्टच्या मोकळ्या नळ्यांचा संच) आणि मोठा सायलेन्सर, उघड्या तोंडाचा एअर फिल्टर आणि नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) असे तीन पर्याय समोर आहेत. एका मित्राने टर्बो सुचवला आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद समोरच्या बाजूने खडखड ऐकू येते, हेही सांगून ठेवतो. यांपैकी काय आधी करावे आणि काय करूच नये?

जुना_मेकॅनिक

आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे. थंड इंजिनाची ती खडखड टायमिंग साखळीची असण्याची शक्यता फार मोठी आहे. या इंजिनाच्या इंजेक्शनवाल्या आवृत्तीत एकपदरी साखळी असून तिला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत. वयोमानाने ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी तुटते, साखळी मोकळी होऊन पुढच्या अॅल्युमिनियमच्या झाकणावर घासू लागते, आणि झाकण आतून कापत ती पाण्याच्या वाटेपर्यंत पोहोचली की कूलंट थेट तेलात उतरते. मग ताकद वाढवण्याऐवजी इंजिनच वाचवण्याची वेळ येते.

हे पाहण्यासाठी पुढचे झाकण काढावे लागत नाही. वरचे व्हॉल्व कव्हर उघडा, इंजिनाच्या अगदी समोरच्या टोकाला कॅमच्या चाकाशेजारून टॉर्चचा उजेड खाली सोडा आणि साखळीच्या ड्रायव्हरकडील बाजूला पट्टी सलग दिसते का ते पाहा. तेथे पट्टीच नसेल किंवा आतल्या भिंतीवर चकचकीत ताजी चर पडलेली दिसेल, तर गाडी टाहोला नेऊ नका. दुरुस्ती करताना पोलादी पाठीच्या पट्ट्या बसवा. माझ्या मते या इंजिनात करण्यासारखी सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे, जरी तिच्या जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा छापत नसले तरी. ताणलेल्या साखळीमुळे कॅम क्रँकच्या मागे रेंगाळतो आणि चढावरचा जोर त्यातही जातो, म्हणजे नवी साखळी बसल्यावर थोडा जोर आपोआप परत येतो.

कव्हर उघडलेच आहे तर टॅपेटही (व्हॉल्वपाशी सोडायचे अंतर) सेट करून घ्या. इंजिन गरम असताना इनटेकला ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर अंतर हवे. या इंजिनातले टॅपेट हाताने सेट करायचे असल्याने वर्षानुवर्षे कोणी तिकडे पाहिलेलेच नसते. घट्ट झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व आवाज करत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटते, आणि तोच पुढे जळतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. नव्या इंजिनाचा आकडा १७१ पीएसआय, किमान मर्यादा १४२, आणि दोन सिलिंडरांमधला फरक १४ पेक्षा जास्त नको. इग्निशन टायमिंग पाहताना निदानाच्या पेटीतले टीई१ आणि ई१ हे टोक तारेने जोडून मग पाच अंश बीटीडीसी (पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी) लावायचे असते. तार न जोडता लावलेले टायमिंग चुकीचेच निघते, आणि घाईत काम उरकणारी गॅरेजे नेमकी हीच पायरी गाळतात. जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून कोसळून तुंबला असेल तर वरच्या फेऱ्यांना इंजिनाचा श्वास कोंडतो, तोही तपासा. मूळची ११६ अश्वशक्ती जाग्यावर आहे की नाही हे न पाहता वरून आणखी दहा विकत घेण्यात अर्थ नाही.

डेन्व्हरवासी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, पण इंजिन ठणठणीत निघाले तरी आपली तक्रार राहीलच, कारण तिची दोन मोठी कारणे इंजिनाच्या बाहेर आहेत.

पहिले कारण उंची. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावते. आय-८० वरचा डॉनरचा माथा ७,२३९ फुटांवर आहे, म्हणजे तेथे आपल्या ११६ अश्वशक्तीच्या नव्वदीच्या आसपास उरतात. मी राहतो ते शहरच पाच हजार फुटांच्या वर असल्यामुळे हे दुःख मला रोजचे आहे. हेडरने मिळणारी पाच-सात अश्वशक्ती कोलफॅक्स ओलांडेपर्यंतच हवेत विरून जाते.

दुसरे कारण टायर, आणि त्यावर मात्र उपाय आहे. मूळ टायरचा व्यास सुमारे २८.३ इंच होता. आताच्या टायरवर ३१ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तो साधारण साडेतीस भरतो. आपल्या गाडीचे क्राउन-पिनियन (अॅक्सलमधली शेवटची गिअरजोडी) मूळचे ४.१० प्रमाणाचे असेल (दाराच्या चौकटीवरच्या पाटीवरील अॅक्सल कोडवरून खात्री करून घ्या), तर मोठ्या टायरमुळे त्याचा परिणाम ३.८० इतका उतरला आहे. म्हणजेच आधीच्या मालकाने नकळत प्रत्येक गिअर लांब करून ठेवला. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, १४० पाउंड-फूट, मिनिटाला २,८०० फेऱ्यांना मिळतो; आपण चौथ्या गिअरमध्ये ताशी ५५ मैलांनी चढ चढता तेव्हा इंजिन जेमतेम २,४८० वर असते. क्राउन-पिनियन ४.५६ केले तर त्याच वेगाला ते २,७६० वर येईल, म्हणजे नेमके जिथे इंजिनाला काम करायला आवडते तिथे. सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी ६५ ला फेरे २,५०० वरून २,७८० होतील. मूळ टायरवर कारखान्यातून निघालेली गाडी २,६९० वर चालत होती, तेव्हा ही वाढ घाबरण्यासारखी नाही. अनेक जण ४.८८ सुचवतील. ३३ इंची टायर लावणार असाल तर ते योग्य, पण ३१ वर महामार्गावर इंजिन कायम ओरडत राहील.

तोपर्यंतचा एक फुकटचा उपाय सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये ४५ मैल म्हणजे अवघे २,८०० फेरे. पूर्ण अश्वशक्ती ४,८०० ला मिळते. इंजिन निरोगी असेल तर चौथ्याची घाई न करता तिसऱ्यातच ५५ पर्यंत जा. ३,४०० फेरे या इंजिनाला काही जड नाहीत. गाडी आवाज करते म्हणून ती दुखते आहे असे आपल्याकडे उगाच समजले जाते, खरा जाच कमी फेऱ्यांवर पूर्ण पेडल दाबून ठेवल्याने होतो.

लेथवाला

मी मशीन शॉपमध्ये काम करतो आणि या इंजिनांची हेडे हाताखालून गेलेली आहेत, म्हणून कॅम आणि हवेच्या वाटेबद्दल लिहितो.

हेडर घ्यायचा तर आपल्या मॉडेल वर्षासाठी कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ (मान्यता-आदेश) क्रमांक असलेलाच घ्या, आणि त्या क्रमांकाची पट्टी इंजिन बेमध्ये दिसेल अशी चिकटवा. तपासनीस प्रथम तीच शोधतो. ट्राय-वाय पद्धतीचा (चार नळ्या आधी दोन-दोन आणि मग एकत्र जोडणारा) हेडर आणि सव्वादोन इंची नळी इतके पुरे. त्याहून जाड नळीने आवाज वाढतो आणि खालच्या फेऱ्यांचा जोर कमी होतो.

कॅमशाफ्ट निवडताना खालच्या टॉर्कसाठी बनवलेला, २६० अंशांच्या आसपासच्या ड्युरेशनचा (व्हॉल्व उघडा राहण्याच्या काळाचा) सौम्य कॅम घ्या, आणि ईओ क्रमांकाचा नियम त्यालाही लागू आहे हे विसरू नका. सॅक्रामेंटोत आपल्या वयाच्या गाडीची चाचणी रोलरवर ताशी १५ आणि २५ मैलांना होते. मोठ्या ड्युरेशनच्या कॅममध्ये नेमक्या त्याच कमी फेऱ्यांना न जळलेले पेट्रोल बाहेर पडते आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. शिवाय या इंजिनात हवा मोजण्याचे काम एक स्प्रिंग लावलेली झडप करते. कॅम तिखट असेल तर हवेच्या धक्क्यांनी ती झडप फडफडते आणि आयडल वरखाली होत राहतो. नव्या कॅमबरोबर रॉकरचे घासणारे तोंडही नवे किंवा पुन्हा घासून घेतलेले हवे, नाहीतर नवा कॅम लवकर खाल्ला जातो. मात्र केवळ कॅमसाठी चांगले चाललेले इंजिन उघडू नका. हेड गॅस्केटसाठी हेड उतरवाल त्या दिवशी कॅम, व्हॉल्व सीट आणि पोर्टची सफाई एकदम करून घ्या. सुटे भाग मागवताना वर्ष अवश्य सांगा, कारण १९८५ मध्ये या इंजिनाचा ब्लॉक, हेड आणि साखळीचे झाकण बदलले असून आधीचे भाग आपल्याला बसणार नाहीत.

उघडा एअर फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. मूळची पेटी फेंडरमागून थंड हवा घेते. ती तशीच ठेवून नवा कागदी फिल्टर घाला. त्या झडपेच्या काळ्या झाकणाखालचे दातेरी चाक फिरवून ‘ट्यूनिंग’ करून देतो असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. स्प्रिंग घट्ट-सैल केल्याने सगळीकडचे मिश्रण बिघडते, आणि ते पातळ झाले तर चढावर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होते.

टर्बोबद्दल थोडक्यात. टोयोटाने स्वतः १९८६ ते १९८८ या काळात याच इंजिनाची टर्बो आवृत्ती विकली. तिची ताकद १३५ अश्वशक्ती होती, पण त्यासाठी कॉम्प्रेशन रेशो ७.५ पर्यंत उतरवलेला होता. आपला ९.३ आहे. ८७ ऑक्टेनवर त्याला टर्बो लावणे अडीच हजारांत आणि ‘माफक’ या शब्दात बसत नाही.

सॅक्रामेंटोकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कव्हर उघडून पाहिले. ड्रायव्हरच्या बाजूची पट्टी वरच्या टोकाशी तडकलेली आहे, पण अजून जागेवर आहे आणि झाकणावर चर दिसत नाही. कॉम्प्रेशन १५८ ते १६५ च्या दरम्यान आले. दोन एक्झॉस्ट टॅपेट घट्ट होते, तेही सेट केले. आता पोलादी पाठीच्या पट्ट्या, नवी साखळी आणि पाण्याचा पंप एवढे काम आधी करून उरलेल्या पैशांत ४.५६ चे क्राउन-पिनियन करण्याचा विचार आहे. हेडर आणि कॅम सध्या बाजूला ठेवतो. पैसे वाचवण्यासाठी आत्ता फक्त मागचा गोळा (डिफरन्शियल) बदलून पुढचा पुढच्या वर्षी बदलला तर चालेल का?

डेन्व्हरवासी

पुढचा बदलेपर्यंत फोर-व्हील-ड्राइव्ह एकदाही लावणार नसाल तरच चालेल. पुढे ४.१० आणि मागे ४.५६ असताना पकड असलेल्या रस्त्यावर फोर-व्हील लावले तर दोन्ही अॅक्सल एकमेकांविरुद्ध ओढतील आणि ट्रान्सफर केस किंवा पुढचा एखादा अॅक्सल तुटेल. टाहोच्या बर्फात चेन कंट्रोल (चाकांना साखळ्या लावण्याचा नियम) लागल्यावर आपल्याला ती सोय हवीच असणार, म्हणून दोन्ही एकदम करण्याइतके पैसे साठेपर्यंत थांबणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मागचा गोळा अॅक्सल बाहेर ओढले की अखंड निघतो आणि टेबलावर सेट करता येतो; पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये संपूर्ण डिफरन्शियल खाली उतरवावे लागते, त्यामुळे मजुरीचा मोठा भाग पुढच्याच बाजूचा असेल. दर विचारताना दोन्हींचे आकडे वेगळे मागा आणि नवी बेअरिंग त्यात धरली आहेत का, तेही विचारा.

काम झाल्यावर पहिले पंधरा-वीस मैल हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असे काही वेळा करा. पहिल्या ५०० मैलांत सामान लादून चढ चढू नका आणि त्यानंतर दोन्ही डिफरन्शियलचे तेल बदला. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघत असल्याने आत्ता तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, ४.५६ नंतर तो सुमारे तीन टक्के जास्त दाखवील, तेव्हा त्याच्या गिअरला हात लावण्याची गरज नाही.